आनंदरंग पिल्लई : फ्रेंच गव्हर्नरचा उजवा हात बनलेला तमिळ व्यापारी श्रीमंत कसा झाला आणि त्या श्रीमंतीची किंमत काय होती?

मुंबईत काळा घोडा भागात फिरताना 'के. दुभाष मार्ग' अशी पाटी दिसते. पारशी समाजात 'दुभाष' हे आडनाव आजही आहे. या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. दोन भाषा जाणणारा तो दुभाष्या. पण अठराव्या शतकात दुभाष्याचं काम फक्त एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगण्यापुरतं नव्हतं. युरोपीय कंपन्यांच्या बंदरांमध्ये दुभाष्या हा दलाल, सावकार, हेर, वकील आणि कारभारी असं सगळं काही असायचा. कंपनीचे साहेब बदलत राहायचे, पण धंदा चालायचा तो दुभाष्याच्या जिवावर.

अशा दुभाष्यांपैकी सर्वात प्रसिद्ध नाव म्हणजे पाँडिचेरीचे आनंदरंग पिल्लई. ज्या डुप्लेक्सचं नाव आपण शाळेत इंग्रज-फ्रेंच लढायांच्या धड्यात वाचलं, त्याचे ते मुख्य दुभाषी होते. त्यांच्या मालकीचं जहाज होतं, सुपारीची वखार होती, कापडाचा मोठा व्यापार होता आणि शेवटी तर मोगली मनसबही मिळाली. पण हे सगळं एकाच धाग्यावर लटकलेलं होतं. तो धागा म्हणजे गव्हर्नर साहेबाची मर्जी.

कंपनीला दुभाष्याची गरज का पडायची?

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६६४ सालची. १६७४ मध्ये फ्रान्स्वा मार्तां याने पाँडिचेरीत फ्रेंचांचा जम बसवला. युरोपातून जहाजाने येणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याला ना तमिळ यायची, ना तेलुगू, ना फारसी. किनाऱ्यावरच्या व्यापारात मोडकीतोडकी पोर्तुगीज भाषा चालायची, पण ती बंदरापुरतीच. आतल्या गावांत राहणारा विणकर, त्याला सूत पुरवणारा, कापड रंगवणारा, नाक्यावर जकात वसूल करणारा, अर्काटच्या नवाबाचा कारकून या कोणाशीही बोलायचं तर मध्ये माणूस हवाच.

भाषेपेक्षाही मोठी अडचण होती ती पतीची. म्हणजे बाजारातल्या विश्वासाची. कंपनीला हवं असायचं कापड. ते दुकानात तयार मिळत नसे. आधी ऑर्डर द्यायची, व्यापाऱ्यांना उचल द्यायची, त्यांनी ती पुढे विणकरांपर्यंत पोहोचवायची आणि काही महिन्यांनी माल हातात यायचा. मग तो नमुन्याबरहुकूम आहे की नाही हे तपासून त्याची प्रत ठरवायची. या साखळीत कोणाला किती उचल द्यावी, कोण पैसे बुडवेल, कोणाचा माल खरा हे परक्या माणसाला कळणं अशक्यच होतं. ते दुभाष्याला कळायचं, कारण त्याची नातीगोती आणि व्यवहार त्याच बाजारात असायचे.

हीच व्यवस्था वेगवेगळ्या नावांनी भारतभर होती. मद्रास आणि पाँडिचेरीत 'दुबाश', बंगालमध्ये 'बनियान', सुरतेत 'दलाल'.

मग दुभाष्याला पैसा कुठून मिळायचा?

पगारातून तर नक्कीच नाही. त्याच्या कमाईचे मार्ग असे होते :

१. दलाली : कंपनीसाठी होणाऱ्या खरेदीवर त्याचा हिस्सा ठरलेला असे.

२. स्वतःचा व्यापार : कोणतं जहाज कधी येणार, कशाला मागणी आहे, कंपनीच्या तिजोरीत किती पैसे आहेत हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. व्यापारात यापेक्षा मोठं भांडवल नाही.

३. साहेबांचा खासगी धंदा : कंपनीचे अधिकारी तुटपुंज्या पगारावर यायचे आणि श्रीमंत होऊन परत जायचे. ते कसं? तर कंपनीच्या नोकरीबरोबरच ते आशियातल्या बंदरांमध्ये स्वतःचा व्यापार करत. त्यासाठी लागणारं भांडवल आणि ओळखी बऱ्याचदा दुभाष्याच्या असत.

४. नजराणे : गव्हर्नरपर्यंत अर्ज पोहोचवायचा असो की एखादा मक्ता मिळवायचा असो, वाट दुभाष्याच्या दारातून जायची.

पण याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. कंपनीचा पैसा युरोपातून जहाजाने यायचा. जहाज उशिरा आलं किंवा युद्धामुळे आलंच नाही, तर इथल्या व्यापाऱ्यांना तोंड दुभाष्यालाच द्यावं लागे. अशा वेळी तो कंपनीसाठी पैसा उभा करायचा. वरवर पाहता तो कंपनीचा चाकर, प्रत्यक्षात अनेकदा तिचा सावकार. आणि ज्याच्याकडून वसुली करायची, त्याच्याच हातात न्यायनिवाडा, तुरुंग आणि चाबूक. ही व्यवस्था किती धोक्याची होती, हे पिल्लई यांच्या घराला चांगलंच ठाऊक होतं.

घरातच पाहिलेला धडा : नैनियप्पांचं प्रकरण

आनंदरंग यांचा जन्म १७०९ सालचा, मद्रासजवळच्या पेरांबूरचा. वडिलांचं नाव तिरुवेंगडम पिल्लई. त्यांचे मेव्हणे नैनियप्पा पिल्लई हे १७०८ पासून पाँडिचेरीत फ्रेंचांचे मुख्य दलाल होते. त्यांच्याच आधाराने हे कुटुंब मद्रास सोडून पाँडिचेरीत आलं.

नैनियप्पा शहरातले अत्यंत धनवान गृहस्थ होते. पण ते हिंदू होते आणि एवढं मोठं पद ख्रिस्ती माणसाकडेच असावं, असा जेसुइट पाद्र्यांचा आग्रह होता. १७१६ मध्ये गव्हर्नर एबेर याने नैनियप्पांना अटक केली. जुलूम आणि बंडाची चिथावणी असे आरोप ठेवले. शिक्षा काय झाली? भर बाजारात ५० फटके, तीन वर्षांची कैद, मालमत्ता जप्त आणि नंतर हद्दपारी. आनंदरंग यांच्या वडिलांनाही या प्रकरणाची झळ बसली. १७१७ मध्ये नैनियप्पा तुरुंगातच वारले.

गोष्ट इथे संपली नाही. नैनियप्पांच्या कुटुंबाने आणि हितचिंतकांनी थेट फ्रान्सपर्यंत दाद मागितली. एबेरची उचलबांगडी झाली आणि नैनियप्पांवरची शिक्षा मरणोत्तर रद्द ठरली. त्यांचा मुलगा गुरुवप्पा फ्रान्सला गेला. तिथे त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याला राजाकडून सरदारकीचा मान मिळाला आणि परत येऊन तो वडिलांच्याच जागेवर बसला. पण १७२४ मध्ये त्याचाही मृत्यू झाला.

म्हणजे एकाच घराने, एकाच पदावर, दहा वर्षांच्या आत वैभव, चाबूक आणि पुन्हा वैभव असं सगळं पाहिलं. नैनियप्पांना अटक झाली तेव्हा आनंदरंग साधारण सात वर्षांचे होते.

व्यापारी म्हणून उदय

१७२६ मध्ये वडील वारले. तोवर नव्या गव्हर्नरचा, लनवारचा, या कुटुंबावर विश्वास बसला होता. त्याने तरुण आनंदरंग यांच्याकडे पोर्टो नोव्हो इथल्या फ्रेंच वखारीचं काम सोपवलं. हे बंदर पाँडिचेरीच्या दक्षिणेला आहे, तमिळमध्ये त्याला परंगीपेट्टै म्हणतात. तिथून कापड गोळा करून पाठवणं हे मुख्य काम.

पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी स्वतःचा धंदाही वाढवला. पाँडिचेरीतली त्यांची सुपारीची वखार म्हणजे एक प्रकारचं कार्यालयच होतं. व्यापारी, कारकून, खबर घेऊन आलेले जासूद हे सगळे तिथे भेटायचे. १७३८ च्या सुमारास त्यांनी शहराच्या तमिळ भागात मोठा वाडा बांधला. खालचा मजला तमिळ पद्धतीचा आणि वरच्या मजल्यावर युरोपीय धाटणीचे खांब. दोन जगांमध्ये उभ्या असलेल्या माणसाचं घरही तसंच होतं. हा वाडा आजही पुदुच्चेरीत उभा आहे आणि ज्या रस्त्यावर तो आहे, त्या रस्त्याला रंग पिल्लई यांचंच नाव आहे.

याच काळात त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. ६ सप्टेंबर १७३६ पासून ते तमिळमध्ये रोजनिशी लिहू लागले.

मराठे कर्नाटकात येतात तेव्हा...

या रोजनिशीच्या काळात मराठी वाचकाला ओळखीची असलेली एक मोठी घटना घडली. १७४० मध्ये रघूजी भोसले यांच्या फौजा कर्नाटकात उतरल्या. दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. नवाबाच्या घरच्या बायकामुलांनी आणि त्याचा जावई चंदासाहेब याच्या कुटुंबाने आसरा घेतला तो पाँडिचेरीच्या तटबंदीत. त्यांना ताब्यात द्या आणि खंडणी भरा, अशी मागणी मराठ्यांनी केली. तेव्हाचा गव्हर्नर द्युमा याने नकार दिला. मराठ्यांनी पोर्टो नोव्हो लुटलं, पण पाँडिचेरीला हात लावला नाही. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला गेला.

या एका नकारामुळे पाँडिचेरीची प्रतिष्ठा एकदम वाढली. तोवर फ्रेंच हे फक्त कापड घेणारे परदेशी व्यापारी होते. आता ते आसरा देऊ शकणारी ताकद ठरले. चंदासाहेबाचं कुटुंब फ्रेंचांच्या उपकाराखाली आलं आणि काही वर्षांनी तोच चंदासाहेब सुटून आल्यावर डुप्लेक्सच्या राजकारणातलं मुख्य मोहरं बनला. अशा राजकारणात नवाब, सरदार आणि फ्रेंच यांच्यातली पत्रं, निरोप आणि सौदे हाताळणारा माणूस व्यापाऱ्यापेक्षा खूप मोठा होणार, हे उघड होतं.

डुप्लेक्स, जॉन बेगम आणि मुख्य दुभाष्याची जागा

१७४२ मध्ये जोसेफ फ्रान्स्वा डुप्लेक्स पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला. त्याचं आणि आनंदरंग यांचं चांगलं जमलं. पण मुख्य दुभाष्या तेव्हा दुसराच होता. कनकराय मुदली नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. फेब्रुवारी १७४६ मध्ये ते वारले आणि त्या जागेसाठी चुरस सुरू झाली.

पुन्हा तोच प्रश्न. हे पद हिंदूला कसं द्यायचं? जेसुइटांचा विरोध होताच. शिवाय गव्हर्नरची पत्नी जान डुप्लेक्स हिची स्वतःची गणितं होती. ती पाँडिचेरीतच जन्मली आणि वाढली होती, तिला तमिळ येत होती. स्थानिक लोक तिला 'जॉन बेगम' म्हणून ओळखू लागले. दुभाष्याचं सगळं महत्त्व साहेबाला भाषा येत नाही यावर उभं असतं. इथे साहेबाच्या घरातच भाषा जाणणारी व्यक्ती होती. तिचे स्वतःचे हेर होते, स्वतःचा पत्रव्यवहार होता आणि लोक आपली कामं घेऊन थेट तिच्याकडे जात. या पदासाठी पैसे मोजायला तयार असलेले इच्छुक तिच्याकडे खेटे घालत होते, हे पिल्लई यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

शेवटी जागा पिल्लई यांनाच मिळाली. त्यांची बाजारातली पत आणि दरबारी व्यवहारांची जाण डुप्लेक्सला हवी होती. पण जॉन बेगम आणि पिल्लई यांच्यातली तेढ पुढे कायम राहिली.

याच वर्षी, सप्टेंबर १७४६ मध्ये, फ्रेंचांनी इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेतलं. त्यानंतर नवाबाची मोठी फौज अगदी थोड्या फ्रेंच आणि देशी शिपायांनी अड्यार नदीच्या काठी उधळून लावली. डुप्लेक्सचा दरारा वाढला आणि त्याच्याबरोबर त्याच्या दुभाष्याचाही.

जिथे श्रीमंती कामाला आली नाही

१७४८ मध्ये इंग्रज आरमाराचा प्रमुख बॉस्कावेन याने पाँडिचेरीला वेढा घातला. तोफा सुरू असतानाच सप्टेंबरमध्ये शहरात एक वेगळीच घटना घडली. जेसुइटांच्या चर्चला लागून असलेलं वेदपुरीश्वराचं मंदिर फ्रेंचांनी पाडलं. हे मंदिर हटवावं ही पाद्र्यांची मागणी कितीतरी वर्षांची होती. आधीच्या गव्हर्नरांनी लोक शहर सोडून जातील या भीतीने ती टाळली होती. वेढ्याच्या धामधुमीत मात्र विरोध करायला कोणाला वावच नव्हता.

शहरातले प्रतिष्ठित लोक पिल्लई यांच्याकडे आले. गव्हर्नरशी रोज बोलणारा, शहरातला सर्वात वजनदार हिंदू माणूस तोच. त्यांनी काय करावं? विरोध केला तर पद जाणार, कदाचित नैनियप्पांसारखी गत होणार. गप्प बसलं तर आपलेच लोक दोष देणार. पिल्लई यांनी मंदिर वाचवण्यासाठी आपलं पद पणाला लावलं नाही. रोजनिशीत मात्र त्यांनी मन मोकळं केलं. पाद्री आणि जॉन बेगम यांना त्यांनी दोष दिला, आणि एकजूट न दाखवता ज्याने त्याने आपापला फायदा पाहिला म्हणून आपल्याच लोकांनाही दिला.

या प्रसंगावरून पिल्लई यांना भित्रं किंवा स्वार्थी ठरवणं सोपं आहे. पण या नोंदींमधून दुभाष्याच्या ताकदीची खरी हद्द दिसते. गव्हर्नरला जे करायचंच आहे ते अधिक सोपं करून देण्यापुरतीच त्याची ताकद होती. गव्हर्नरला जे करायचं नाही ते करायला लावणं, किंवा जे ठरलंय ते थांबवणं, हे त्याच्या हातात नव्हतं.

वेदपुरीश्वराचं मंदिर पुढे काही दशकांनी शहरात दुसऱ्या जागी पुन्हा उभं राहिलं.

वैभवाचं शिखर

१७४९ ते १७५१ ही पिल्लई यांच्या आयुष्यातली सर्वात भरभराटीची वर्षं. साताऱ्याहून सुटलेला चंदासाहेब आणि निजामाच्या गादीवर हक्क सांगणारा मुजफ्फर जंग यांच्याशी डुप्लेक्सने हातमिळवणी केली. ऑगस्ट १७४९ मध्ये अंबूरच्या लढाईत नवाब अन्वरुद्दीन मारला गेला. डिसेंबर १७५० मध्ये नासिर जंगाचा खून झाला आणि मुजफ्फर जंग दख्खनचा सुभेदार झाला. पाँडिचेरीत दरबार भरला, किताब आणि जहागिरी वाटल्या गेल्या.

यात पिल्लई यांच्या वाट्याला ३,००० स्वारांची मनसब आली. पालखीतून थेट गव्हर्नरच्या वाड्याच्या आवारात जाण्याचा, सोन्याच्या मुठीची काठी बाळगण्याचा मान त्यांना मिळाला. एका कापड आणि सुपारीच्या व्यापाऱ्यासाठी ही झेप विलक्षण होती.

उतरण

पण दोन वर्षांत चित्र पालटू लागलं. फेब्रुवारी १७५१ मध्ये मुजफ्फर जंग मारला गेला. क्लाइव्हने अर्काट घेतलं. जून १७५२ मध्ये त्रिचनापल्लीजवळ चंदासाहेबाचा शिरच्छेद झाला. डुप्लेक्सच्या लढायांवर होणारा खर्च पॅरिसमधल्या कंपनीच्या संचालकांना पेलवेना. १७५४ मध्ये त्याला परत बोलावण्यात आलं. कंपनीसाठी आपण स्वतःचा पैसा खर्च केला, तो परत मिळावा म्हणून तो फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं भांडत राहिला आणि १७६३ मध्ये कफल्लक अवस्थेत वारला. कंपनी बडा गव्हर्नर असलेल्या फ्रेंच माणसाचे पैसे फेडत नसेल, तर इथल्या दुभाष्याची काय कथा!

डुप्लेक्स गेला आणि पिल्लई यांचा आधारच गेला. नवा गव्हर्नर, नवी माणसं, नव्या मर्जी. त्यात तब्येतही साथ देईना. १७५६ मध्ये लेरी गव्हर्नर असताना त्यांना मुख्य दुभाष्याच्या पदावरून दूर करण्यात आलं. ज्या पदासाठी इतकी वर्षं झगडा केला, ते प्रत्यक्षात जेमतेम दहा वर्षं टिकलं. मनसब आणि किताब देणारे तर केव्हाच मेले होते.

१७६० मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरीला पुन्हा वेढा घातला. शहरात अन्नाची टंचाई झाली. १२ जानेवारी १७६१ रोजी आनंदरंग पिल्लई यांचं निधन झालं. चारच दिवसांनी, १६ जानेवारीला, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली आणि पुढे शहराचा बराचसा भाग त्यांनी जमीनदोस्त केला. मधल्या १४ जानेवारीला तिकडे उत्तरेत पानिपतावर मराठ्यांची फौज कापली गेली होती. एकाच आठवड्यात भारतातल्या दोन मोठ्या सत्तांची कंबर मोडली आणि त्याचा सर्वाधिक फायदा पुढे इंग्रजांना झाला.

मागे काय उरलं?

वाडा सोडला तर पिल्लई यांची आज जगाला ओळख आहे ती त्यांच्या रोजनिशीमुळे. जवळजवळ पंचवीस वर्षांच्या या नोंदी कुटुंबाकडे पडून होत्या. १८४६ मध्ये गालवा-मोंब्रं नावाच्या पाँडिचेरीतल्या फ्रेंच अधिकाऱ्याला त्या सापडल्या. पुढे मद्रास सरकारने १९०४ ते १९२८ या काळात त्यांचं १२ खंडांत इंग्रजी भाषांतर छापलं.

या नोंदींचं महत्त्व असं की, त्या काळाचा बहुतेक इतिहास युरोपीय अधिकाऱ्यांनी आपल्या वरिष्ठांना खूश करण्यासाठी लिहिलेल्या पत्रांवर आधारलेला आहे. पिल्लई यांना कोणाला खूश करायचं नव्हतं. कोणतं जहाज आलं, किती तोफांची सलामी झडली, कापडाचा भाव काय ठरला, गव्हर्नर कोणावर भडकला, कोणी किती नजराणा दिला, कोणत्या ग्रहामुळे आपले दिवस वाईट चालले आहेत असं सगळं त्यात आहे. दिवसभर साहेबाच्या तोंडावर जे बोलता येत नसे, ते संध्याकाळी कागदावर उतरत असे.

अशा व्यापाऱ्यांकडे आज दोन टोकांनी पाहिलं जातं. कोणी त्यांना परक्यांचे हस्तक म्हणतं, कोणी हुशार उद्योजक. पिल्लई यांची कहाणी पाहिली तर दोन्ही शिक्के अपुरे वाटतात. फ्रेंचांची पाँडिचेरी त्यांच्यासारख्यांच्या पैशावर आणि ओळखींवर उभी राहिली, हे खरं. त्या बदल्यात त्यांनी भरपूर कमावलं, हेही खरं. मात्र या सौद्यात दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. कंपनीला एका दुभाष्याच्या जागी दुसरा मिळत होता. दुभाष्याला मात्र आपली पत, मालमत्ता आणि अब्रू राखायला एकाच दाराकडे पाहावं लागत होतं. नैनियप्पांसाठी ते दार १७१६ मध्ये बंद झालं, आनंदरंग यांच्यासाठी १७५६ मध्ये.